शनिवार-रविवारची बदकं आणि आपला बांध



थंडी पडली, उजनीच्या फुगवट्याला बदकं उतरली. चक्रवाक आले, थापट्या आल्या, तलवार बदकं आली. हळदी-कुंकू आणि अडई तर वर्षभर आपल्याकडंच असतात. बदकं आली की पाठोपाठ फोनही सुरू होतात. "भाऊ, रविवारी येऊ का चौघं-पाचजण? पाण्याकडंला बसायला जागा मिळंल का? एखाददुसरं बदक पडलं तर संध्याकाळी चुलीवर करू." फोन करणारी माणसं वाईट नसतात. कुणी मित्राचा मित्र असतो, कुणी सोयऱ्यातला असतो, कुणी आपल्याच गावातून शहरात गेलेला असतो. त्यामुळं नाही म्हणायला जीभ जड होते. तरी नाही म्हणायचं, असं माझं मत आहे, आणि का म्हणायचं ते आज सविस्तर लिहितो.

आधीच सांगतो, हे माळकऱ्याचं प्रवचन नाही. मी मटण खातो, मासे खातो, घरच्या कोंबड्या पाळतो आणि कापतोही. जीव मारायचाच नाही असं माझं म्हणणं नाही. हिशोब कुणाचा आणि भरपाई कुणाच्या खिशातून, एवढाच माझा प्रश्न आहे.

ही हौस आली कुठून? बरीचशी मोबाईलमधून. अमेरिकेतले व्हिडिओ आपली पोरं बघतात. पहाटेचा अंधार, धुकं, दोन-तीन मित्र गवताच्या लपणीत बसलेले, पुढं पाण्यावर प्लास्टिकची फसवी बदकं सोडलेली. एकजण तोंडानं शिट्टीसारखं वाजवून बदकांना बोलावतो. थवा खाली येतो, बंदुका वाजतात आणि काळं कुत्रं पाण्यात उडी मारून बदक तोंडात धरून मालकाच्या हातात आणून देतं. बघायला झकास वाटतं, खोटं कशाला बोलू. मीही बरेच बघितले. बघता बघता त्यामागचे नियमही वाचले, तेव्हा कळलं की व्हिडिओत दिसतो तो शेवटचा अर्धा तास. त्याच्या आधीचं काम व्हिडिओत येतच नाही.

तिकडं बदक मारणाऱ्याला राज्याचा शिकारीचा परवाना लागतोच. शिवाय १६ वर्षांवरच्या प्रत्येकाला दरवर्षी केंद्र सरकारचं एक तिकीट घ्यावं लागतं, त्याला 'डक स्टॅम्प' म्हणतात. १९३४ साली तिथं मोठा दुष्काळ होता, पाणथळी आटल्या होत्या, बदकं कमी झाली होती, तेव्हा हे तिकीट निघालं. आज त्याची किंमत २५ डॉलर आहे, म्हणजे आपले दोन हजारांच्या वर. त्यातल्या डॉलरमागं ९८ सेंट पाणथळ जमिनी विकत घ्यायला नाहीतर भाड्यानं राखायला जातात. ९० वर्षं हे चाललंय.

पुढं बघा. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तापर्यंतच बंदूक चालवायची, रात्री नाही. बंदुकीत एकावेळी तीनच काडतुसं राहतील अशी अडचण बसवायची. दिवसाला माणशी साधारण सहा बदकं, आणि त्यातही कुठल्या जातीची किती, माद्या किती, हे ठरलेलं. दाणा पसरून बदकांना बोलवायचं आणि मारायचं, हा गुन्हा. १९९१ पासून बदकांवर शिशाचे छर्रे वापरायला देशभर बंदी, कारण पाण्याच्या तळाला पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात. पक्ष्याला दात नसतात, तो खडे गिळून पोटातल्या जाड पिशवीत दाणा दळतो. तिथं शिसं दळलं गेलं की विष अंगात भिनतं. न मारलेली बदकंसुद्धा अशी मरत होती, म्हणून तिकडं आता पोलादी छर्रे वापरतात.

आणि ते कुत्रं. त्याला रिट्रीव्हर म्हणतात, म्हणजे आणून देणारं. लॅब्रॅडॉर ही त्यातली आपल्याला माहीत असलेली जात. हिचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर मासेमारांबरोबर काम करायचे. तिथून ती इंग्लंडात गेली आणि शिकारीसाठी घडवली गेली. अंगावर दाट, तेलकट दुहेरी केस, त्यामुळं बर्फाच्या पाण्यात गारठत नाही. शेपूट जाड, पोहताना सुकाणूसारखी. तोंड मऊ, म्हणजे पक्षी धरला तरी दात रुतत नाहीत. हे कुत्रं नुसत्या शोभेला ठेवत नाहीत. मारलेला किंवा जखमी पक्षी शोधून काढायचा प्रयत्न करणं तिकडं कायद्यानं शिकाऱ्यावर बंधनकारक आहे. जखमी बदक गवतात तडफडत राहू नये, याची ती सोय आहे.

आता आपल्या कामाची गोष्ट. बदकं तिकडं उतरतात ती पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्याच्याच रानात. अर्कान्सास राज्यात स्टुटगार्ट नावाचं गाव आहे, ते भातासाठी आणि बदकांसाठी प्रसिद्ध आहे. भात काढला की शेतकरी पाट्या लावून निचरा बंद करतात आणि हिवाळाभर खाचरात वीतभर पाणी धरून ठेवतात. सांडलेला दाणा आणि तणाचं बी खायला बदकं येतात. शिकारी मंडळी त्या रानाचं हंगामाचं भाडं शेतकऱ्याला देतात. तिकडच्या भातवाल्यांना हे दुसरं पीकच झालंय.

कॅलिफोर्नियात तर याहून भारी झालं. तिथंही भाताचं काड जाळायचे, धुरानं लोक हैराण व्हायचे. १९९१ साली कायदा करून जाळणं टप्प्याटप्प्यानं कमी केलं. मग शेतकऱ्यांनी काडावर पाणी सोडायला सुरुवात केली. काड कुजायला लागलं, वर लाखो बदकं आणि हंस त्या पाण्यात उतरायला लागले. बदकांच्या तुडवण्यानं आणि ढवळण्यानं काड लवकर कुजतं, असं तिथल्या संशोधकांना प्रयोगात दिसलं. कृषी पदवीधर मंडळींनी हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी परत येतो.

म्हणजे तिकडं बदक मारणारा आधी पाण्याचे पैसे भरतो, रानाचे पैसे भरतो, मोजून मारतो आणि मारलेलं शोधतो. आपल्याकडं रविवारी येणारा यातलं काय करतो? एक छर्ऱ्याची बंदूक, दोन थर्मास आणि एखादं लॅब्रॅडॉर. साध्या छर्ऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, म्हणून तिनं पक्षी मारायला परवानगी आहे असा समज पसरलाय. तो साफ चुकीचा आहे. त्या बंदुकीनं बदक जागेवर क्वचितच मरतं. पंख मोडतो, पोटात छर्रा बसतो आणि ते बेशरमीच्या बेटात किंवा पाणकणसात शिरून दोन दिवसांनी मरतं.

गेल्या जानेवारीत एक गाडी आमच्या मोटारीपाशी आली होती. ओळखीतूनच आलेली मंडळी, बोलायला गोड. "काका, आमचं कुत्रं खास बदकासाठीच्या जातीचं आहे, बघाच तुम्ही." मी म्हणलं, "पाहुणं, चहा घ्या, पक्षी बघा, पण बंदूक गाडीतच राहू द्या." तेवढ्यात कुत्र्यानं पाणी बघितलं आणि साखळी सोडवून घेऊन उडी मारली. जात खरीच होती, काय पोहत होतं! पाच मिनिटांनी तोंडात काहीतरी घेऊन आलं आणि मालकाच्या पायाशी ठेवलं. बघतो तर तणनाशकाची रिकामी बाटली. सगळे हसले. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं, कारण ती बाटली शहरातनं आलेली नव्हती. पाण्याकडंच्या कुणातरी शेतकऱ्याचीच होती. मंडळी चहा पिऊन गेली, राग धरला नाही. नाही म्हटल्यानं नातं तुटतं हा आपला गैरसमज आहे.

कायदा काय सांगतो तेही नीट माहीत पाहिजे, कारण अडकतो गावचा माणूस. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला काही शिकारीसाठी परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ती काढून टाकली. आज रानबदक मारणं कुठंही गुन्हा आहे. 'हे काय अभयारण्य नाही' असं म्हणून चालत नाही. तुमच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर मारलं तरी गुन्हाच. शिवाय कायद्यात शिकार म्हणजे नुसती गोळी घालणं नाही. जाळं लावणं, फास लावणं, विष घालणं, पकडणं, अंडी किंवा घरटं मोडणं हे सगळं शिकारीतच धरलंय. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अभयारण्याच्या हद्दीत केलं तर कैद किमान तीन वर्षं, सातपर्यंत. वापरलेली गाडी, होडी, हत्यार सरकारजमा होऊ शकतं. मदत करणाऱ्यालाही तीच कलमं. पाहुणा गाडी काढून निघून जातो. होडी आपली, बांध आपला, चुलीवरचं भांडं आपलं.

दुसरी भीती मला जास्त वाटते, ती बर्ड फ्लूची. रानबदकं हा विषाणू अंगात घेऊन फिरू शकतात आणि स्वतः आजारी दिसतही नाहीत. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, तिथला कुक्कुटपालनाचा धंदा बसला आणि अफवेनं सगळ्या राज्यातला कोंबडीचा भाव पडला. तो विषाणू तिथं कसा पोचला यावर मी बोलत नाही. पण ज्याच्या दारात कोंबड्यांचं खुराडं आहे किंवा करारावरची शेड आहे, त्यानं रानातलं बदक अंगणात आणून पिसं काढणं, आतडी उकिरड्यावर टाकणं आणि तेच हात घेऊन कोंबड्यांत जाणं म्हणजे विकतचं दुखणं आहे. आपल्या गावात आता पाच हजार-दहा हजार पक्ष्यांच्या शेड आहेत. एका रविवारच्या रश्श्यासाठी सगळ्या गावाची शेड पणाला कशी लावायची?

आता कुणी म्हणंल, शिकार तर राजेमहाराजे करायचे, तेव्हा कुठं पक्षी संपले? राजस्थानातल्या भरतपूरचं उदाहरण बघा. तिथल्या केवलादेवच्या पाणथळीत १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगो आणि त्यांच्या पाहुण्यांनी एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. तिथं दगडावर असे आकडे कोरून ठेवलेत. आज त्याच जागेत राष्ट्रीय उद्यान आहे, १९८५ पासून ते जागतिक वारशात आहे, आणि तिथले रिक्षावाले पर्यटकांना फिरवत पक्ष्यांची नावं सांगतात आणि त्यावर घर चालवतात. मेलेलं बदक एका दिवसाचं जेवण देतं. जिवंत बदक तिथं रोज कुणाला तरी मजुरी देतं.

पण भरतपूरची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती शेतकऱ्याची आहे. १९८२ साली तिथं गुरं चारायला एकदम बंदी केली. गावकरी चिडले, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं मेली. आणि पुढं झालं काय? म्हशी आत जायच्या थांबल्या, तेव्हा पाण्यातलं गवत इतकं माजलं की बदकांना मोकळं पाणीच कमी पडायला लागलं. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं तिथं काम करून हेच मांडलं की म्हशींच्या चरण्याचा पाणथळीला उपयोगच होत होता. शेतकऱ्याला बाहेर काढून पक्षी वाचत नाहीत, हा धडा वन खात्यानंही घ्यावा आणि शहरातल्या पक्षीप्रेमींनीही घ्यावा.

आपल्याकडचं बघा. भिगवण, कुंभारगाव भागात मासेमारी करणारे बरेच जण हिवाळ्यात होडीतून लोकांना पक्षी दाखवतात. रोहित आले की शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. कुणी होडी चालवतो, कुणी जेवण देतो, कुणी राहायला खोली देतो. नाशिककडं निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर २०२० साली रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातली ती पहिली पाणथळ. तिथंही गावची पोरं पक्षी दाखवण्याचं काम करतात. सगळ्यांचं भलं होतं असं मी म्हणत नाही. होडी असणाऱ्याला पैसे मिळतात आणि ज्याच्या गाळपेरीत पक्षी चरतात त्याला काहीच मिळत नाही, ही खरी अडचण आहे.

गाळपेर करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पाणी मागं सरलं की आपण हरभरा, गहू टाकतो. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळ्या पट्ट्यांचा तो हिमालय ओलांडून येणारा हंस, रात्री उतरतो आणि कोवळा गहू मेंढरासारखा खुडतो. वारकरी पक्षी काठाचं पीक खातो. बाकीची बदकं बहुतेक पाण्यातच चरतात, तण, बी, किडे खातात, त्यांचा पिकाला तेवढा त्रास नाही. पण ज्याचा अर्धा एकर गहू गेला त्याला 'पाहुणे पक्षी' म्हणून कौतुक सांगितलं तर त्याला राग येणारच. अशाच रागातून कुणीतरी विषारी दाणा टाकतो. त्या दाण्यानं हंस मरतो, घारी मरतात, राखणीचं कुत्रं मरतं, आणि तो मेलेला पक्षी कुणी उचलून खाल्ला तर माणूसही दवाखान्यात जातो. राग खरा आहे, उपाय चुकीचा आहे. चमकणाऱ्या पट्ट्या, पहाटे आणि तिन्हीसांजेला राखण, काठाच्या चार-पाच सऱ्या उशिरा पेरणं, यानं नुकसान पूर्ण थांबत नाही, पण कमी होतं.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. एक, पक्षी बघायला येणाऱ्याकडून होडीमागं थोडी रक्कम गावाच्या खात्यात जमा व्हावी आणि ती काठाच्या शेतकऱ्यांच्या नुकसानीला आणि राखणीला वापरावी. अमेरिकेचा शिकारी २५ डॉलरचं तिकीट घेतो, मग आपला फोटो काढणारा पन्नास-शंभर रुपये का देणार नाही? लाखाचा कॅमेरा गळ्यात असतो. दोन, डुकरानं आणि हरणानं केलेल्या नुकसानीचा पंचनामा होतो तसा पाणपक्ष्यांच्या नुकसानीचाही सरळपणे व्हावा, हेलपाटे मारायला लागू नयेत.

आणि कृषी संशोधक मंडळींना एक विनंती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडं भात आहे, मालगुजारी तलाव आहेत, हिवाळ्यात बदकं उतरतात. सगळीकडं पाणी धरून ठेवा असं मी म्हणणार नाही. जिथं भातानंतर लाखोळी किंवा हरभरा घ्यायचाय तिथं ते जमणार नाही, आणि पाणी विकत घेऊन तर मुळीच परवडणार नाही. पण तलावाखालची जी खाचरं अशीही ओली राहतात आणि पड पडतात, तिथं काडावर पाणी धरून दोन-तीन हंगाम बघायला काय हरकत आहे? काड किती कुजलं, तण किती कमी उगवलं, पुढच्या भाताला खत किती वाचलं, याचं मोजमाप करून आकडे आमच्यापुढं ठेवा. सिंदेवाही, साकोलीची संशोधन केंद्रं त्याच भागात आहेत. बदकांनी शेतकऱ्याचे चार पैसे वाचवले असं दिसलं, तर त्यांना राखायला फलक लावावे लागणार नाहीत.

तोपर्यंत या हंगामात आपल्याला करता येण्यासारखं लिहितो.

१. बंदूक, गलोल, जाळं घेऊन कुणी आलं तर बांधावर बसू द्यायचं नाही. ओळखीचा असला तर चहा पाजून सांगायचं. दमदाटी करत असला तर आपण अंगावर जायचं नाही, गाडीचा नंबर लिहून घ्यायचा आणि वन विभागाच्या १९२६ या फुकटच्या नंबरवर कळवायचं.

२. मेलेले पक्षी दिसले तर उघड्या हातानं उचलायचे नाहीत, कोंबड्यांपाशी न्यायचे नाहीत. पशुवैद्यकीय दवाखान्याला सांगायचं. राजस्थानात सांभर सरोवरावर २०१९ मध्ये हजारो पक्षी मेले, त्याचं कारण बोटुलिझमचं विष निघालं. मेलेल्या पक्ष्यांवरच्या अळ्या खाऊन बाकीचे मरतात, म्हणून वेळेत उचलणं महत्त्वाचं असतं.

३. औषधाच्या बाटल्या पाण्यात आणि बांधावर फेकायच्या बंद करायच्या. तीनदा खंगाळून, भोक पाडून वेगळ्या ठेवायच्या. त्या कुत्र्यानं जे आणून दाखवलं ते आपल्याला आधीच दिसायला पाहिजे होतं.

४. ग्रामसभेत एकदा ठराव घ्या की आमच्या हद्दीत पाणपक्ष्यांची शिकार चालणार नाही. एकट्या शेतकऱ्याला पाहुण्याला नाही म्हणणं अवघड जातं. 'गावाचा ठराव आहे' म्हटलं की सोपं होतं.

५. ज्यांच्याकडं लॅब्रॅडॉर आहे त्यांनी जरूर यावं, पण कुत्र्याला बदकांच्या थव्यात सोडू नये. थवा सारखा उठवला तर पक्ष्यांचं चरणं मोडतं, आणि मार्चात त्यांना हजारो किलोमीटर परत जायचंय, त्यासाठी अंगात चरबी लागते. कुत्र्याला शेततळ्यात चेंडू टाका, दिवसभर आणून देईल आणि तेवढंच खुश राहील. फक्त प्लास्टिकच्या अस्तराच्या तळ्यात टाकू नका, नख्यांनी कागद फाटतो आणि कुत्र्याला वर चढता येत नाही.

एवढं माझं मत. गाळपेरीवाले, होडीवाले, शेडवाले, कृषी सहाय्यक, सगळ्यांनी आपला अनुभव खाली लिहा. पट्टकादंबांपासून गहू कसा राखला, कुठला उपाय चालला, कुठला फसला, तेही लिहा. ज्यांचं मत माझ्या उलट आहे त्यांनीही लिहा, फक्त शिवीगाळ नको.

राम राम.